बढतीचा आदेश आणि हाती उरणारा पगार

(परिचर्या सेवेतील पदोन्नतीच्या आर्थिक बाजूवरील व्याख्यानाचा मजकूर)

जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव. पांढुर्णा आणि सौसर हे दोन्ही तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात मोडत. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि संत्र्याच्या बागांचा हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. तोवर नागपूर हीच या मुलखाची राजधानी होती. सरहद्द कागदावर पडली, माणसांची वाट मात्र बदलली नाही. डोक्याला जबर मार बसलेला रुग्ण नागपूरकडेच हलविला जातो, आणि परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या या भागातील मुलीही नोकरीसाठी पुष्कळदा त्याच वाटेने जातात. परिणामी सावरगावसारख्या गावात मध्य प्रदेश शासनाच्या, महाराष्ट्र शासनाच्या, केंद्र शासनाच्या आणि खाजगी रुग्णालयांच्या अशा चारही प्रकारच्या सेवांचा अनुभव घराघरांतून ऐकावयास मिळतो. परिचारिकेच्या बढतीचा आर्थिक विचार करण्यास याहून सोयीचे ठिकाण शोधूनही सापडणार नाही.

प्रश्न साधा दिसतो. बारा-पंधरा वर्षे रुग्णशय्येजवळ सेवा केलेल्या परिचारिकेच्या हाती एके दिवशी पदोन्नतीचा आदेश पडतो. पदनाम वाढते, जबाबदारी वाढते, आणि पुढच्या महिन्याची वेतनचिठ्ठी पाहता हाती आलेली रक्कम आधीपेक्षा कमी भरते. घरी विचारणा होते, ‘ही कसली बढती?’ या विचारणेस चेष्टेवारी नेणे योग्य नव्हे. घरातील मुलांच्या शिक्षणाचे हप्ते, घरबांधणीच्या कर्जाची कपात आणि म्हाताऱ्या आईवडिलांचे औषधपाणी हे सर्व हाती येणाऱ्या रकमेवर चालते. पदनामावर चालत नाही. तथापि केवळ पहिल्या वेतनचिठ्ठीवरून बढती नाकारणे हेही तितकेच घाईचे ठरते. म्हणून रक्कम कमी का होते याची कारणे प्रथम एकेक करून पाहणे आवश्यक आहे.

बढतीने मुळात किती वाढते?

सर्वसाधारण समजूत अशी की, वरच्या पदाची वेतनश्रेणी मोठी असल्याने पगारही त्या प्रमाणात मोठा होतो. वस्तुतः तसे होत नाही. सातव्या वेतन आयोगाच्या केंद्रीय वेतनतक्त्यात परिचर्या अधिकारी हे पद सातव्या स्तरावर असून त्याचा आरंभ ४४,९०० रुपयांपासून होतो. वरिष्ठ परिचर्या अधिकारी हे पद आठव्या स्तरावर असून त्याचा आरंभ ४७,६०० रुपयांपासून होतो. दोन आरंभांत २,७०० रुपयांचे अंतर दिसते. परंतु बढती मिळणारी परिचारिका आरंभावर उभी नसते. तिचे वेतन ठरविण्याची रीत अशी की, जुन्या स्तरात तिला एक वेतनवाढ द्यावयाची आणि नव्या स्तरात त्या आकड्याइतका किंवा त्याच्या लगतचा वरचा आकडा शोधावयाचा. आता सातव्या आणि आठव्या स्तरांचे आकडे बहुतांशी सारखेच आहेत. ५५,२०० रुपये मूळ वेतन घेणाऱ्या परिचारिकेस एक वेतनवाढ दिली की ५६,९०० होतात, आणि आठव्या स्तरातही ५६,९०० हा आकडा जसाच्या तसा आहे. म्हणजे बढतीचा निव्वळ लाभ एका वेतनवाढीचा, १,७०० रुपयांचा. जी वेतनवाढ दरवर्षी बिनबोभाट मिळतेच, तीच एक जादा मिळाली, एवढाच याचा अर्थ.

याहून कठीण स्थिती ज्या परिचारिकेची दहा वर्षे सेवा होऊन तिला बढतीवाचूनच वरचा स्तर मिळालेला असतो, तिची होय. केंद्रीय सेवेत दहा, वीस आणि तीस वर्षांनी असा आर्थिक लाभ देण्याची योजना आहे. महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ पासून बारा वर्षांनंतरची कालबद्ध पदोन्नती सुरू झाली, पुढे तिचे रूप सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजनेचे झाले, आणि १ जानेवारी २०१६ पासून तेथेही दहा, वीस व तीस वर्षांचे तीन लाभ लागू करण्यात आले. मध्य प्रदेशात याच जातीच्या व्यवस्थेस समयमान वेतनमान म्हणतात. पदे थोडी आणि उमेदवार पुष्कळ, अशा परिचर्येसारख्या सेवेत या योजनांनी कर्मचाऱ्यांना मोठाच आधार दिला, यात शंका नाही. परंतु एकदा वरच्या स्तराचे वेतन हाती पडले की नंतर येणारी त्याच स्तरावरची प्रत्यक्ष बढती रिकाम्या पाकिटासारखी येते. वेतननिश्चितीचा लाभ आधीच घेतलेला असल्यामुळे तो पुन्हा मिळत नाही. वाढते ते काम.

रक्कम घटते कोठे?

आता एक हिशेब मांडून पाहू. केंद्रीय वेतन घेणारी, मूळची सावरगावची, नागपूर शहरात काम करणारी एक परिचारिका कल्पावी. महागाई भत्ता ५० टक्के होता तो जानेवारी २०२४ चा महिना हिशेबास सोयीचा आहे. तिचे मूळ वेतन ५५,२०० रुपये, महागाई भत्ता २७,६०० रुपये. नागपूर हे घरभाडे भत्त्याच्या दृष्टीने मधल्या वर्गातील शहर असल्यामुळे २० टक्के दराने ११,०४० रुपये. वाहतूक भत्त्याच्या मोठ्या शहरांच्या यादीत नागपूरचा समावेश असल्यामुळे तो ३,६०० रुपये आणि त्यावरील महागाई धरून ५,४०० रुपये. एकूण ९९,२४० रुपये. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेची दहा टक्के कपात, म्हणजे ८,२८० रुपये वजा जाता ९०,९६० रुपये उरतात. परिचर्या भत्ता व गणवेश भत्ता दोन्ही पदांस सारखाच असल्याने तो, तसेच प्राप्तिकर, या हिशेबात धरलेला नाही.

हिला बढती मिळाली आणि तिची नेमणूक एखाद्या लहान ठिकाणी झाली. मूळ वेतन ५६,९०० झाले, महागाई भत्ता २८,४५० झाला. परंतु लहान ठिकाणचा घरभाडे भत्ता १० टक्के, म्हणजे ५,६९० रुपये. आणि वाहतूक भत्ता महागाईसह २,७०० रुपये. एकूण ९३,७४०. कपात ८,५३५ वजा जाता ८५,२०५ रुपये. पदोन्नतीनंतर दरमहा ५,७५५ रुपये कमी! वर्षाचे ६९,०६० होतात.

हीच परिचारिका नागपुरातच बढतीवर राहिली असती तर? तर मूळ वेतन, महागाई आणि घरभाडे मिळून २,८९० रुपये वाढले असते, कपात २५५ रुपयांनी वाढली असती, आणि २,६३५ रुपये जादा हाती आले असते. दोन्ही हिशेबांत बढती एकच आहे, पद एकच आहे. फरक पडला तो गावाचा. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते की, पगार बढती खात नाही, बदली खाते. कर्मचारी मात्र दोन्हींचा दोष एकीच्याच पदरात टाकतात, कारण दोन्ही हुकूम एकाच कागदावर छापून येतात.

या हिशेबातील २५५ रुपयांची जादा कपात तोटा म्हणून धरण्याचे कारण नाही. ते पैसे कर्मचाऱ्याच्याच निवृत्तिवेतन खात्यात जमा होतात. भविष्य निर्वाह निधीची वाढलेली वर्गणीही तशीच. हाती येत नाही ते सर्व गेले असे नव्हे.

प्राप्तिकराची गोष्ट निराळी. वित्तीय वर्ष २०२५-२६ मध्ये नव्या करपद्धतीत बारा लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर पडत नाही. पगारदारास ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरता ही मर्यादा पावणेतेरा लाखांवर जाते. परंतु बारा लाखांची रेघ ओलांडली की थोडी मौज होते. करपात्र उत्पन्न बारा लाख दहा हजार झाले तर नियमित दराने कर साडेएकसष्ट हजार येतो; सवलतीने तो कमी करून वरच्या दहा हजारांइतकाच ठेवला जातो. त्यावर चार टक्के उपकर लागतो. म्हणजे दहा हजारांच्या वाढीपोटी दहा हजार चारशे रुपये भरावे लागतात. ही स्थिती सुमारे १२ लाख ७० हजारांपर्यंत राहते. त्या पट्ट्यात पडणारी वेतनवाढ हाताला लागतच नाही. केंद्रीय सेवेतील अनुभवी परिचारिकांची वार्षिक मिळकत याच आसपास असल्यामुळे ‘बढती मिळाली आणि पगार कमी झाला’ या तक्रारीत काही वेळा हेही एक कारण असते. वर्षदोन वर्षांत नेहमीच्या वेतनवाढींनी हा पट्टा ओलांडला जातो, आणि तो बढतीवाचूनही ओलांडावाच लागला असता.

खाजगी रुग्णालयांतील कारण याहून उघड आहे. तेथे मूळ पगार लहान असतो, आणि महिन्याकाठी केलेल्या जादा पाळ्यांनी, ज्यांना परिचारिका ‘डबल ड्यूटी’ म्हणतात, तो फुगलेला असतो. वॉर्डाची प्रमुख म्हणून नेमणूक झाली की जादा पाळ्यांचा मोबदला बहुधा थांबतो; जादा तास थांबतातच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधील निर्देशानुसार नेमलेल्या समितीने खाजगी परिचारिकांच्या किमान वेतनाबाबत शिफारशी केल्या. २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य शासनाच्या परिचारिकेइतके, १०० ते २०० खाटांच्या ठिकाणी त्याहून फार तर दहा टक्के कमी, ५० ते १०० खाटांच्या ठिकाणी फार तर पंचवीस टक्के कमी, आणि ५० हून कमी खाटांच्या ठिकाणीही २०,००० रुपयांच्या खाली नाही, असे त्यांचे स्वरूप होते. शिफारस आणि पगारपत्रक यांतील अंतर सर्वश्रुत आहे. मुद्दा एवढाच की, जेथे मूळ पगारच तोकडा, तेथे बढतीने जादा पाळी गेली की घरखर्चाला लागलीच झळ पोहोचते.

हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असे मात्र समजू नये. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत २००४ पासून लागू असलेल्या वेतनव्यवस्थेत, परिचारिकांना रात्रपाळीस आणि शनिवारी वेळेच्या वेतनावर ३० टक्के, तर रविवारी व सार्वजनिक सुटीस ६० टक्के अधिक मिळतात. सहाव्या पट्टीतील परिचारिका सातव्या पट्टीत वॉर्ड व्यवस्थापक झाली आणि सोमवार ते शुक्रवार दिवसपाळी करू लागली की हा भाग गळतो, आणि पट्टी वाढूनही महिन्याची रक्कम घटू शकते. अमेरिकेत १९३८ च्या श्रम कायद्यान्वये आठवड्यास चाळीस तासांपुढील कामाचा दीडपट मोबदला तासावर काम करणाऱ्या परिचारिकेस मिळतो; ठरावीक पगारावरच्या व्यवस्थापिकेस तो बहुधा मिळत नाही. देश वेगळे, नाणे वेगळे, तक्रार मात्र तीच.

भारतात केंद्र शासनाने तर रात्रपाळी भत्त्याचा प्रश्न बढतीच्या आधीच मिटवून टाकला. जुलै २०२० च्या आदेशाने ४३,६०० रुपयांहून अधिक मूळ वेतन घेणाऱ्यास रात्रपाळी भत्त्यास अपात्र ठरविण्यात आले. केंद्रीय परिचारिकेचे मूळ वेतन ४४,९०० पासूनच सुरू होते. रात्र जागावी लागते ती मात्र पूर्वीसारखीच.

नदीच्या पलीकडचा अनुभव

मध्य प्रदेश शासनाच्या सेवेतील परिचारिकांपुढे हा प्रश्न काहीसा उलटा होऊन आला. तेथे ३० एप्रिल २०१६ रोजी उच्च न्यायालयाने २००२ च्या पदोन्नती नियमांतील आरक्षणविषयक तरतुदी रद्द ठरविल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, परिस्थिती ‘जैसे थे’ ठेवण्याचा आदेश झाला आणि राज्यातील पदोन्नत्या वर्षानुवर्षे खोळंबल्या. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने नवे पदोन्नती नियम मंजूर केले. तेही लागलीच न्यायालयासमोर गेले. मधल्या काळात अनेक कर्मचारी होते त्याच पदावरून निवृत्त झाले. काही खात्यांत वरच्या पदाचा केवळ प्रभार देण्याची पद्धत पडली. पोलिस खाते हे त्याचे ठळक उदाहरण. प्रभार म्हणजे पद वरचे, काम वरचे, वेतन जुनेच.

सावरगाव-पांढुर्ण्यासारख्या भागात या दोन्ही अनुभवांची तुलना आपोआप होते. एकाच घरातील एक बहीण नागपुरात ‘बढती घेऊ की नको’ या विवंचनेत, तर दुसरीला मध्य प्रदेशात बढती घेण्याची संधीच नाही. समयमान मिळाल्यामुळे दुसरीचा पगार फारसा मागे पडत नाही, हेही खरे. मग बढतीवाचून तिचे गेले तरी काय, असा प्रश्न कोणी विचारील. गेले ते वेतनचिठ्ठीत दिसणारे नाही. तिच्या सहीला जे वजन यावयास हवे होते, ते आले नाही. ज्या वॉर्डाचा कारभार ती प्रत्यक्षात चालवीत होती, त्याचा अधिकार तिला कागदोपत्री मिळाला नाही.

वरच्या पदाचे काम म्हणजे काय

या अधिकाराचा अर्थ समजून घेण्यास पोळ्याचा दुसरा दिवस पाहावा. त्या दिवशी जामच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर निशाण लावले जाते. पांढुर्ण्याचे लोक ते काढून आणावयास आणि सावरगावचे लोक त्यांना रोखावयास उभे राहतात, आणि दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव होतो. ही गोटमार. दगडाऐवजी रबराचे चेंडू वापरावेत असे प्रयत्न प्रशासनाने केले, प्रबोधन केले, बंदोबस्त लावला. तरी दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, कित्येकदा माणसे दगावलीही आहेत. परंपरेच्या बऱ्यावाईटाची चर्चा हा या व्याख्यानाचा विषय नव्हे. परंतु आरोग्य खात्याच्या दृष्टीने हा दिवस म्हणजे तारीख आधीपासून ठाऊक असलेला अपघात आहे.

अशा दिवशी तात्पुरत्या उपचार केंद्रात टाके घालणारे, पट्टी बांधणारे, धनुर्वाताची सुई देणारे हात पुष्कळ लागतात. परंतु त्या हातांच्या मागे कोणी तरी आठ दिवस आधी बसून ठरविलेले असते की, ड्रेसिंगचे ट्रे किती निर्जंतुक करून ठेवावयाचे, टाक्यांचे साहित्य कोणत्या केंद्रात किती पाठवावयाचे, नवख्या परिचारिकेबरोबर जुनी कोण द्यावयाची, आणि वॉर्डात आधीच दाखल असलेल्या बाळंतिणींकडे व तापाच्या रुग्णांकडे त्या धांदलीत कोण पाहणार. डोक्याची जखम वरून लहान दिसते आणि रुग्ण तासाभराने गुंगीत जातो. अशा रुग्णावर नजर ठेवण्यास एक माणूस मोकळा ठेवावा लागतो. हे ठरविणे म्हणजेच परिसेविकेचे, सहाय्यक अधिसेविकेचे, अधिसेविकेचे काम. हिंदी मुलखात यांना नर्सिंग सिस्टर आणि मेट्रन म्हणतात. हे काम प्रत्यक्ष जखम शिवण्याइतके डोळ्यांत भरत नाही. ते नीट झाले की कोणाच्या ध्यानातही येत नाही. बिघडले की मात्र साऱ्या गावाला कळते.

हे काम कोणी करावे? अनुभवी परिचारिकेने बढती नाकारली तर ते थांबत नाही. ते सेवाज्येष्ठतेने मागे असलेल्या, पुष्कळदा अनुभवानेही मागे असलेल्या व्यक्तीकडे जाते, किंवा पद रिकामे राहून ‘प्रभारी’ या शिक्क्याखाली कोणाच्या तरी गळ्यात पडते. नाकारणाऱ्या परिचारिकेला मग त्याच व्यक्तीच्या आखणीप्रमाणे रात्रपाळ्या कराव्या लागतात. हा मुद्दा पैशांचा नाही, परंतु निर्णयाच्या वेळी तो पैशांइतकाच जड असतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण बढतीचे गुणगान करणारी मंडळी ती सहसा सांगत नाहीत. वॉर्डाची प्रमुख झाली की जडवस्तू नोंदवही तिच्या सहीने चालते. चादरी, ब्लँकेटे, उपकरणे, थर्मामीटर, मादक औषधांची किल्ली आणि त्यांचा हिशेब तिच्याकडे येतो. पदभार घेताना वस्तू मोजून न घेतल्या तर मागच्या तुटीचे उत्तर पुढच्या परिसेविकेस द्यावे लागते, आणि ती तूट वेतनातून वसूल होण्याचा प्रसंगही येतो. हाती येणारा पगार कमी होण्याचे हे कारण कोणत्याही वेतन आयोगाच्या अहवालात सापडणार नाही. म्हणून पदभार स्वीकारताना लाजेखातर किंवा घाईखातर यादीवर सही करू नये; प्रत्येक वस्तू मोजावी, तूट असल्यास तशी नोंद करून मगच सही करावी.

नाकारल्यास काय होते

बढती नाकारण्याचा हक्क कर्मचाऱ्यास असतो, परंतु तो फुकट मिळत नाही. केंद्रीय सेवेत एकदा नकार दिल्यास एक वर्षपर्यंत पुन्हा बढती देऊ केली जात नाही, आणि दरम्यान बढती मिळालेल्या कनिष्ठ व्यक्ती ज्येष्ठतेत वर जातात. सेवाकालानुसारचा आर्थिक लाभ मिळण्यापूर्वीच बढती नाकारली असेल तर तो लाभही अडतो. लाभ आधी मिळाला असेल आणि नकार नंतर दिला असेल, तर मिळालेला लाभ काढून घेत नाहीत. पुढचा लाभ मात्र लांबतो. महाराष्ट्राच्या आश्वासित प्रगती योजनेतही पदोन्नती नाकारणाऱ्यास लाभ न देण्याची अट आहे. याचा अर्थ असा की, दहाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या परिचारिकेने बदली टाळण्यासाठी नकार दिला, तर ती गावही राखते आणि वेतनवाढ मात्र गमावते. बारा-तेरा वर्षे झालेल्या, पहिला लाभ घेतलेल्या परिचारिकेचा नकार तितका महाग पडत नाही. दोघींना एकच सल्ला देणे चुकीचे होय.

बढती स्वीकारल्यास वेतननिश्चिती बढतीच्या दिवसापासून करावी की पुढील वेतनवाढीच्या दिवसापासून, हा विकल्प केंद्रीय कर्मचाऱ्यास एका महिन्याच्या आत लेखी द्यावा लागतो. अनेकजणी तो देतच नाहीत आणि आस्थापना शाखा जे ठरवील ते मान्य करतात. वेतनवाढ दोन-चार महिन्यांवर आली असेल तर थोडे थांबून दोन्ही लाभ एकदम घेणे पुष्कळदा हिताचे असते. कागदाचा अर्धा ताव, पण त्यावर उरलेल्या साऱ्या सेवेचे वेतन अवलंबून.

निवृत्तीच्या बाजूने

भत्ते हे चालू महिन्याचे सोबती. मूळ वेतन हे जन्माचे. घरभाडे, वाहतूक, रात्रपाळी, जादा पाळी यांपैकी काहीही निवृत्तिवेतनात मोजले जात नाही. केंद्रात १ जानेवारी २००४ पूर्वी आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्यांना जुन्या पद्धतीने अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळते. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून लागू केलेल्या एकीकृत योजनेतही, ती स्वीकारणाऱ्यास पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे मिळावयाचे आहे. उपदान आणि रजा रोखीकरण हेही मूळ वेतन व महागाई यांवरच ठरतात.

म्हणून वरच्या उदाहरणातील १,७०० रुपयांचे मोल निवृत्तीस मोजले तर मासिक ८५० रुपये आणि त्यावरील महागाई, एवढे येते. ते आयुष्यभर मिळते, आणि पश्चात कुटुंबास त्याचा हिस्सा मिळतो. पण येथे उगाच आशावाद नको. दरमहा ५,७५५ रुपये तीन वर्षे सोडले तर २,०७,१८० रुपये सुटतात. ८५० रुपयांच्या मासिक वाढीने ते भरून येण्यास दीर्घ काळ लागेल. एकच पायरी चढून लहान ठिकाणी अडकून पडणाऱ्या परिचारिकेस केवळ पैशाच्या दृष्टीने बढती परवडत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. जिची सेवा पंधरा-वीस वर्षे शिल्लक आहे तिचा हिशेब वेगळा, कारण आठव्या स्तराची पायरी न चढता ५३,१०० पासून सुरू होणारा नववा आणि ५६,१०० पासून सुरू होणारा दहावा स्तर यांची पदे तिच्या वाट्याला येणार नाहीत. आणि ही शिडी वर अरुंद होत जाते. रुग्णालयांतील पदसंख्येच्या जुन्या केंद्रीय मानकात साधारण साडेतीन ते चार परिचारिकांमागे एक परिसेविका धरली आहे, आणि चार ते पाच परिसेविकांमागे एक सहाय्यक अधिसेविका. रांगेत मागे पडलेल्यास पुन्हा पुढे येण्यास जागा थोडी असते.

येथे सावरगावच्या परिचारिकेच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हाती येणारा पगार आणि हाती उरणारा पगार यांत फरक आहे. नागपुरात तिला ११,०४० रुपये घरभाडे मिळत होते, पण ते भाड्यापोटी जात होते, कदाचित वर पदरचे घालावे लागत होते. बढतीची नेमणूक माहेर-सासरच्या टप्प्यातील लहान ठिकाणी झाली आणि ती स्वतःच्या घरी राहू लागली, तर घरभाडे भत्ता निम्मा होऊनही खर्चाचा मोठा बोजा उतरतो. उलट नेमणूक अनोळखी तालुक्यात झाली आणि पती व मुले नागपुरातच राहिली, तर दोन चुली, दोन भाडी, आणि दर आठवड्याचा प्रवास असा तिहेरी खर्च पडतो. वेतनचिठ्ठी दोन्ही प्रसंगी एकच असते.

आदेश मिळाल्यावर नव्या पदाची संभाव्य वेतनचिठ्ठी आस्थापना शाखेकडून आधी मांडून मागावी. आपला सेवाकालाचा लाभ कधी मिळाला किंवा कधी मिळणार, हे सेवापुस्तकात पाहावे. नेमणुकीच्या ठिकाणाबद्दल काही म्हणावयाचे असेल तर ते नकाराच्या रूपाने न म्हणता ठिकाण बदलून मिळण्याच्या अर्जाच्या रूपाने, मुदतीत म्हणावे. महाराष्ट्रात बदल्यांचे विनियमन करणारा २००५ चा अधिनियम आहे आणि पती-पत्नी एकत्रीकरणाचा विचार करण्याची पद्धतही आहे. अर्जात ही कारणे स्पष्ट लिहिली तर त्यांस काही आधार राहतो.

खात्याच्या बाजूनेही एक गोष्ट करण्यासारखी आहे. बढतीचे पद त्याच रुग्णालयात किंवा त्याच शहरात रिकामे असताना केवळ प्रथा म्हणून बढतीबरोबर बदली करण्याचे प्रयोजन काय, याचा विचार प्रत्येक आदेशाच्या वेळी व्हावा. वाचलेला घरभाडे भत्ता शासनाच्या अंदाजपत्रकात नगण्य आहे. त्यापायी जी अनुभवी परिचारिका बढती नाकारते, तिची जागा भरण्यास दहा-बारा वर्षे लागतात. पोळा तर दरवर्षी येतो.